फलाटाची कड आणि अनोळखी हात

रेल्वे स्थानकाच्या सुरक्षिततेविषयी आपल्याकडे जे काही बोलले व लिहिले जाते, त्यावर दोन घटनांची छाया पडलेली असते : ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत अवघ्या अकरा मिनिटांत झालेले सात स्फोट, आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या आवारात झालेला गोळीबार. त्यानंतर प्रवेशद्वारांशी धातुशोधक चौकटी उभ्या राहिल्या, सामान तपासणारी यंत्रे आली, खांबाखांबावर कॅमेरे लागले, देशभरातील २०२ स्थानकांसाठी एकात्मिक सुरक्षा व्यवस्थेची योजना मंजूर झाली. आणि हा बंदोबस्त आवश्यक होता याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ज्या प्रवाशाला दिसत नाही, त्याच्या बाजूने स्थानकातील धोक्यांचा क्रम लावू गेल्यास बॉम्ब आणि बंदूक ही पुष्कळ खाली उतरतात. सर्वांत वर येते ती फलाटाची कड, तिच्या खालोखाल दोन डब्यांमधली पोकळी, आणि तिसऱ्या स्थानी, वाचकांना कदाचित नवल वाटेल, मदत म्हणून न विचारता दंडाला धरून ओढणारा एखाद्या सज्जनाचा हात.

या तिहींना समान असे एक सूत्र आहे. कड कोठे आहे, दार कोठे आहे, हात कोणाचा आहे, हे वेळेवर आणि खात्रीने कळले की धोका बहुतांशी ओसरतो. न कळले तर शेजारी बंदूकधारी जवान उभा असूनही तो ओसरत नाही. म्हणून अंध प्रवाशाच्या बाबतीत सुरक्षा आणि सुगम्यता हे दोन स्वतंत्र विभाग मानण्याचा जो सरकारी शिरस्ता आहे, तो मला मुळातच चुकीचा वाटतो. पुढील मजकूर प्रामुख्याने त्या प्रवाशासाठी आहे, जो हा लेख कोणाकडून वाचून घेईल किंवा मोबाइलकडून ऐकेल. पण मधला काही भाग डोळस सहप्रवाशांना आणि वर्दीतल्या मंडळींना उद्देशून आहे, आणि तो त्यांनी टाळू नये.

ज्या स्थानकावरून नित्य जायचे ते स्थानक गर्दीच्या वेळेबाहेर, म्हणजे दुपारच्या सुमारास किंवा रविवारी सकाळी, एखाद्या विश्वासू माणसाला बरोबर घेऊन एकदा सावकाश पायाखाली घालावे. तिकीटघरापासून पुलापर्यंत किती वळणे आहेत, पुलाला जिना आहे की उतार, जिना फलाटावर उतरतो तेव्हा त्याचे तोंड कोणत्या दिशेला असते, पाण्याचे नळ कोणत्या बाजूला आहेत, वडापावचा स्टॉल कोठे आहे, छप्पर कोठे संपते, हे सारे मनात नोंदवावे. यांत वास आणि आवाज उपयोगी पडतात खरे, तथापि त्यांवर सर्वस्वी विसंबू नये, कारण स्टॉल बंद असतो आणि पंखा नादुरुस्त असतो. खांब, कठडा, जिना आणि उतार यांच्यावर अधिक भरवसा ठेवावा. विशेषतः फलाट दोन रुळांच्या मधला आहे की एका बाजूला भिंत असलेला, याची पक्की खातरजमा झाली पाहिजे. भिंतीचा फलाट असेल तर भिंत धरून चालता येते. मधल्या फलाटाला मात्र दोन्ही हातांना कड असते, आणि तेथे एका कडेपासून घाबरून मागे सरकणारा माणूस नकळत दुसऱ्या कडेकडे जात असतो.

एकदा शिकलेले स्थानक कायमचे तसेच राहील, असेही समजू नये. दादर स्थानकात डिसेंबर २०२३ मध्ये फलाटांचे क्रमांक बदलण्यात आले. तोवर पश्चिम आणि मध्य दोन्ही रेल्वेंचे क्रमांक आपापल्या एकपासून सुरू होत असत, आता पश्चिमेचे एक ते सात आणि मध्य रेल्वेचे आठ ते चौदा असे सलग झाले. डोळस प्रवाशाला नवी पाटी पाहून दोन दिवसांत सवय झाली असेल. ज्याने जुने क्रमांक पायऱ्यांच्या गणतीशी बांधून ठेवले होते, त्याला सगळा नकाशा पुन्हा मांडावा लागला. पुलांचे काम, सरकत्या जिन्यांची दुरुस्ती, फलाटाची लांबी वाढवणे ही कामे मुंबईत बारमाही चालू असतात. सबब काही आठवडे त्या स्थानकात गेलो नसलो तर पहिल्या खेपेस ‘इथे काही बदललंय का हो?’ असे कोणाला तरी विचारून घ्यावे.

आता कडेविषयी. फलाटाच्या काठाने ज्या पिवळ्या, खडबडीत फरश्या बसवलेल्या असतात त्यांचा जन्म जपानातला. सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये त्या तयार केल्या आणि मार्च १९६७ मध्ये ओकायामा शहरात, अंधशाळेजवळच्या रस्त्यावर, त्या प्रथम बसवल्या गेल्या. त्यांचे दोन प्रकार आहेत. लांबट पट्ट्या उमटलेली फरशी ‘या दिशेने चला’ असे सांगते. गोल ठिपक्यांची फरशी ‘थांबा, पुढे काहीतरी आहे’ असे बजावते, मग ती कड असो, जिना असो वा वळण असो. पातळ तळव्याची चप्पल किंवा बूट असेल तर हा फरक पायालाच कळतो, जाड स्पोर्ट्स बुटात तो बराचसा बुजतो. काठीच्या टोकाला मात्र तो नेहमी कळतो, फक्त काठी उचलून आपटत न चालता जमिनीवर घासत चालले पाहिजे. रस्त्यावर टकटक करत जाण्याची रीत ठीक. फलाटावर काठीचे टोक जमिनीपासून सुटूच देऊ नये, खांद्याहून किंचित रुंद असा तिचा फेरा ठेवावा, आणि टोक अचानक खाली गेले की दुसरे पाऊल उचलण्यापूर्वी जागच्या जागी थांबावे. ठिपक्यांच्या फरशीवर उभे राहून गाडीची वाट पाहू नये. ती ओलांडून निदान दोन पावले आत यावे.

पण या फरश्यांची आपल्याकडे काय दशा असते ते कोणत्याही मोठ्या स्थानकात दहा मिनिटे उभे राहिल्यास दिसते. दिशादर्शक पट्टी सरळ जाऊन एखाद्या खांबाला धडकते; पार्सलच्या हातगाड्या, भाजीच्या पाट्या, झोपलेली माणसे आणि ‘स्वच्छता राखा’ असा फलक हे सर्व तिच्यावरच विसावलेले असतात; दुरुस्तीत चार फरश्या काढल्या तर त्यांच्या जागी साध्या बसवल्या जातात आणि ओळ मध्येच तुटते. तेव्हा फरशी सापडली तर तिचा लाभ घ्यावा, न सापडली तर कड दूर आहे असे अनुमान कदापि काढू नये.

ऐकण्याविषयीही एक सूचना करणे अवश्य आहे, कारण अंध माणसाचे कान अचूक असतात अशी जी सार्वत्रिक समजूत आहे तिने घात होतो. मधल्या फलाटावर एकाच वेळी दोन्ही बाजूंना गाड्या आल्या, किंवा शेजारच्या मार्गावरून जलद गाडी न थांबता धडधडत गेली, तर आपली गाडी कोणत्या हाताला लागली हे उत्तम कानाच्या माणसालाही निश्चित सांगता येत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात छपराच्या पत्र्यावर सर कोसळू लागली की उद्घोषणाही बुडते, आणि येणारी लोकल अगदी जवळ येईपर्यंत तिचा आवाज वेगळा असा निघत नाही. अशा वेळी गाडी पूर्ण थांबून माणसे उतरू लागल्याचे कळेपर्यंत जागेवरून हलू नये. लोकल एखादी चुकेल, तर चुकू द्यावी.

दोन डब्यांमधली पोकळी हा विषय मी जाणीवपूर्वक सविस्तर घेतो, कारण याविषयी जितके सावध केले जाते त्याहून ती पुष्कळ अधिक घातक आहे. थांबलेल्या गाडीच्या अंगाला हात लावत दार शोधणाऱ्या माणसाला एके ठिकाणी पत्रा संपतो आणि मोकळी जागा लागते. ही जागा दाराची असू शकते, किंवा दोन डब्यांच्या जोडाची. उजव्या हाताचे ज्ञान दोहोंबाबत सारखेच असते : पत्रा, मग कड, मग हवा. म्हणून निर्णय हाताने करायचा नसून काठीने करायचा असतो. मोकळी जागा लागताच पाऊल न उचलता काठी पुढे घालून खाली टेकवावी. दार असेल तर फलाट संपल्यावर एक लहानशी फट लागून तिच्यापलीकडे डब्याची जमीन लागते, आणि काठी आपटली की तिच्यातून पोकळ, भरीव नसलेला असा आवाज येतो. जोड असेल तर काठी खाली खाली जातच राहते किंवा लोखंडी कपलिंगवर आदळते. शिवाय दाराच्या कडेला उभा दांडा असतो, तो हाती लागल्याशिवाय चढायचे नाही असा कडक नियमच स्वतःला घालून घ्यावा. डबा फलाटापेक्षा उंच आहे की समपातळीत, हेही त्याच क्षणी काठीने मोजले जाते. मुंबईच्या उपनगरी फलाटांची उंची गेल्या दशकात, अनेक अपघात आणि न्यायालयाचे आदेश झाल्यानंतर, पुष्कळ ठिकाणी वाढवण्यात आली आहे. तरी वळणावर बांधलेल्या फलाटांवर आडवी फट रुंदच राहते, आणि उंची वाढवून ती कमी होत नाही.

अपंगांसाठी राखीव डबा जेथे थांबतो तेथे मुंबईच्या अनेक उपनगरी फलाटांवर ध्वनी देणारे यंत्र, ज्याला सगळे बीपर म्हणतात, बसवलेले आहे. त्याचा बीप-बीप आवाज ऐकून त्याच्याजवळ उभे राहिले की डबा समोर येतो. परंतु गाडी बारा डब्यांची आहे की पंधरा, हे उद्घोषणेत ऐकून घ्यावे, कारण डब्यांची संख्या बदलली की जागाही बदलू शकते. या डब्यात धडधाकट माणसे चढून बसतात, हा नित्याचा अनुभव आहे, आणि त्यांच्याशी गाडीत हुज्जत घालण्याने फारसे साधत नाही. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १५५ अन्वये अशा प्रवाशांवर कारवाई करता येते व रेल्वे सुरक्षा दल ती करते. म्हणून गाडीचे नाव, वेळ आणि पुढचे स्थानक सांगून रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर कळवावे.

सुरक्षा तपासणीत अंध प्रवाशाची जी तारांबळ उडते तिला यंत्रापेक्षा माणसे जबाबदार असतात. धातुशोधक चौकटीतून जाताना ॲल्युमिनियमची पांढरी काठी चौकटीला खट्‌ करून लागते, यंत्र वाजते, आणि पुढचा हुकूम बहुधा असा निघतो की काठी इकडे द्या आणि तुम्ही तिकडून या. हा हुकूम मोडून काढण्याजोगा आहे, फक्त तो शांतपणे मोडावा. ‘काठी माझ्या हातातच राहू द्या, हवी तर हातात असतानाच तपासा; मी उभा राहतो,’ असे एक वाक्य तयार ठेवावे. मेट्रोत पिशवी यंत्रातून जाणे अपरिहार्य असते. तेथे पिशवी देण्यापूर्वी मोबाइल आणि पाकीट अंगावरच्या खिशात घ्यावे, पिशवी पलीकडे कोणत्या बाजूला निघते ते विचारावे, आणि ‘माझी पिशवी हातात देईपर्यंत मी इथेच थांबतो’ असे सांगून ठेवावे, म्हणजे ती दुसऱ्याच्या हाती पडण्याचा संभव कमी होतो. पिशवीला हाताला ओळखू येईल अशी एखादी खूण, गाठ मारलेली जाड सुतळी किंवा चामडी पट्टी, बांधलेली असणे बरे.

बेवारस वस्तूला हात लावू नका, अशी उद्घोषणा दिवसभर चालू असते. ज्याची काठी हेच त्याचे डोळे, त्याला ती वस्तू प्रथम काठीनेच कळणार, हे उद्घोषणा लिहिणाराच्या ध्यानी आलेले नसावे. काठीला मध्येच काहीतरी मऊ किंवा खोक्यासारखे लागले, ‘ही बॅग कोणाची?’ असे विचारूनही उत्तर आले नाही, तर ती चाचपून पाहू नये, काठीने ढकलूही नये. आल्या पावली मागे फिरावे आणि जवळच्या स्टॉलवाल्याला अथवा पोलिसाला सांगावे.

अनोळखी माणसाविषयी तारतम्य ठेवण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण मदत करणारे बहुसंख्य असतात आणि फसवणारे थोडे, परंतु दोघांचा आवाज सारखाच गोड असू शकतो. वर्दीतला आहे असे सांगणाऱ्या इसमास नाव व कोठे नेमणूक आहे ते विचारण्यात उद्धटपणा नाही. जो खरोखर रेल्वे सुरक्षा दलाचा किंवा लोहमार्ग पोलिसांचा आहे तो सांगतो. शंका आल्यास ‘मला उपस्थानक अधीक्षकांच्या कार्यालयात न्या’ असे म्हणावे. ठगाला तेथे जायचे नसते. हमालाची ओळख पटवण्यास त्याच्या दंडावरचा धातूचा बिल्ला असतो. त्यावरून बोट फिरवून क्रमांक उठावाने लागतो का पाहावे, आणि मजुरी सामान उचलण्यापूर्वीच ठरवावी. पैसे काढायचे कार्ड आणि त्याचा गुप्त अंक कोणत्याही मदतनिसाच्या हाती देऊ नये. एखाद्याने दिलेला चहा किंवा बिस्कीट प्रवासात नाकारणे आपल्या संस्कारांना जड जाते, परंतु गुंगीचे औषध देऊन लुटण्याचे प्रकार रेल्वेत जुने आहेत, तेव्हा ‘पोट बिघडलंय’ एवढे म्हणून सुटका करून घ्यावी.

डोळस वाचकांना येथे थोडे सांगतो. आंधळ्या माणसाला पाहताच त्याचा दंड धरून त्याला गर्दीतून पुढे लोटण्यात आपण पुण्य जोडतो, असे कित्येकांना वाटते; प्रत्यक्षात त्या क्षणी त्याची दिशा, पावलांची गणती आणि काठीचा फेरा हे तिन्ही आपण मोडून टाकलेले असतात, आणि हे जर कडेजवळ घडले तर परिणाम काय होईल ते सांगायला नको. आधी बोला : ‘दादा, काही मदत हवी का? मी तुमच्या उजव्या बाजूला आहे.’ हो म्हटल्यास आपले कोपर त्यांच्या हाताशी न्या; ते धरतील आणि अर्धे पाऊल मागून चालतील, म्हणजे तुमच्या अंगाच्या हालचालीवरूनच पायरी आणि वळण त्यांना कळेल. अरुंद पुलावर तो हात आपल्या पाठीमागे न्या, ते आपोआप तुमच्या मागे येतील. ‘इकडे’, ‘तिकडे’, ‘जरा सांभाळून’ या शब्दांचा काहीच उपयोग नसतो. ‘पायऱ्या खाली, समोरच, कठडा डाव्या हाताला’ असे बोला. आणि निरोप घेताना त्यांना मोकळ्या फलाटावर उभे करून निघून जाऊ नका; खांब, बाक किंवा भिंत हाताला लावून द्या आणि रूळ कोणत्या बाजूला आहेत ते सांगून मग जा.

लांब पल्ल्याच्या गाडीत चढण्याआधीची अडचण डब्याची जागा सापडण्याची. डब्याचे क्रमांक दाखवणारे फलकही डोळ्यांसाठीच असतात; म्हणून गाडी लागण्याच्या अर्धा तास आधी चौकशी खिडकीवर किंवा हमालाकडे आपला डबा इंजिनापासून कितवा ते विचारून तेथे जाऊन उभे राहावे. नव्या डब्यांत बर्थचा क्रमांक ब्रेलमध्येही कोरलेला असतो. तो नसेल, किंवा कोणी उखडून टाकला असेल, तर स्लीपर आणि तृतीय वातानुकूल वर्गातील हिशेब लक्षात ठेवावा : प्रत्येक कप्प्यात आठ बर्थ; आपल्या क्रमांकाला आठने भागून उरलेला अंक एक किंवा चार असेल तर बर्थ खालचा, दोन किंवा पाच असेल तर मधला, तीन किंवा सहा वरचा, सात उरल्यास बाजूचा खालचा, आणि काहीच न उरल्यास बाजूचा वरचा. तेहतीस क्रमांकाचा बर्थ म्हणजे चार कप्पे ओलांडून पाचव्यातला खालचा. कप्प्यांची गणती मधल्या आडव्या भिंतींच्या कडांना हात लावत करता येते. सामान खालच्या बर्थखाली असलेल्या लोखंडी कड्याला साखळीने बांधावे. मार्च २०२० नंतर अनेक वर्गांच्या सवलती बंद झाल्या तरी दिव्यांगांची चालू राहिली; पूर्णतः अंध प्रवाशाला स्लीपर व तृतीय वातानुकूल वर्गांत ७५ टक्के, प्रथम व द्वितीय वातानुकूल वर्गांत ५० टक्के सवलत मिळते, आणि बरोबरच्या एका सोबत्यालाही तीच. त्यासाठी रेल्वेकडून ओळखपत्र आगाऊ काढून ठेवावे.

इतके करूनही कोणी रुळांवर पडलेच, तर पडलेल्याने काठी किंवा पिशवी शोधत बसू नये, मोठ्याने ओरडावे. मुंबईच्या लोकलमार्गावर वीज वरच्या तारेतून, २५,००० व्होल्ट दाबाने येते, रुळांतून नाही. बंगळूर आणि कोलकाता येथील मेट्रोत मात्र रुळांशेजारच्या तिसऱ्या लोहपट्टीतून येते, तिला स्पर्श झाला तर प्राण जातो. वर उभ्या असलेल्यांपैकी एकाने खाली उडी न मारता येणाऱ्या गाडीकडे तोंड करून दोन्ही हात डोक्याच्या वर उंच धरावेत. रेल्वेच्या नियमांत झेंडा नसताना ‘थांबा’ असा तो मान्य इशारा आहे. दुसऱ्याने पडलेल्याशी बोलत राहावे : ‘फलाट तुमच्या पाठीमागे आहे, हात वर करा.’

तक्रारीविषयी शेवटी लिहितो, कारण पुष्कळ लोक तक्रारीची तसदीच घेत नाहीत. चोरी, मारहाण किंवा छेडछाड झाली असेल तर फिर्याद लोहमार्ग पोलिसांकडे द्यावी. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेनुसार गुन्हा कोणत्या हद्दीत घडला या सबबीवर कोणत्याही पोलीस ठाण्याला नोंद नाकारता येत नाही. तुटलेली फरशी, बंद पडलेला बीपर, मूक झालेली उद्घोषणा यांच्यासाठी रेल्वेच्या ‘रेल मदद’ या तक्रार व्यवस्थेवर नोंद करावी, आणि फलाटाचा क्रमांक, कोणत्या पुलाच्या जिन्यापासून किती पावलांवर, तारीख व वेळ हे तीत असावे; ‘स्थानकाची अवस्था वाईट आहे’ अशा अर्जाला उत्तर मिळते, दुरुस्ती होत नाही. तक्रार क्रमांक जपून ठेवावा. दिरंगाई झाल्यास रेल्वे केंद्र सरकारची असल्यामुळे नवी दिल्लीतील दिव्यांगांसाठीच्या मुख्य आयुक्तांकडे जाता येते, आणि अर्जात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा तसेच राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या खटल्याचा हवाला द्यावा. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सुगम्यतेचे नियम ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारकच असले पाहिजेत, असा निर्णय दिला आहे. अर्जाची एक प्रत विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या कार्यालयातही रीतसर दाखल करून पोच घ्यावी.